कडेची ओळ

कुन्यूरी, वाउपेस नदी
१४ मार्च १९८४

विहीणबाई,

उबाल्दोची बोट उद्या वर निघतेय. तो म्हणतो, "चार ओळी लिहून द्या बाई, नाहीतर त्या दोर्वालिनाबाई मला उमारीच्या धक्क्याला बोट लावू देणार नाहीत." म्हणून लिहायला बसले. तुमची बोली मला येत नाही, माझी तुम्हाला येत नाही, तेव्हा मिशनच्या सिस्टरांनी कान पिळून शिकवलेली शाळेची भाषा आज कामाला आली. चुका काढू नका.

तुमची लुसिंदा सुखरूप पोचली. धबधब्याखाली बोट इतकी हेलकावली की आमचा आदेमार, नवरामुलगा असून, ओरडला. ती ओरडली नाही. बेण्याची मोळी मांडीवर घेऊन बसून राहिली. आदेमार म्हणाला, "दे, मी धरतो," तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात मागे घेतला. हे मला त्यानंच सांगितलं, आणि सांगताना हसत होता, म्हणजे काळजी नको.

तुम्ही पाठवलेलं कसाव्याचं बेणं, कांडी न् कांडी, जिवंत आहे. कासवी आहे, मुंगळी आहे, आणि ती पांढऱ्या सालीची बगळी, जिच्याबद्दल लग्नात तुम्ही आम्हाला उठता-बसता ऐकवलंत, तीही आहे. आमच्या शेताच्या कडेच्या ओळीला, अगदी वाटेला लागून लावलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी आणि लुसिंदा, दोघींनीच लावलं. लावताना ती कांड्यांशी तुमच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होती. माझ्याशी मात्र अजून चकार शब्द नाही. 'हो' आणि 'नाही' एवढं मान हलवूनच चालतं. सून परक्या बोलीचीच आणायची म्हटल्यावर पहिले काही महिने घर मुकं राहणार, हे मला ठाऊक आहे. मीही अशीच आले होते. पण माझी सासू निदान ओरडायची, त्यामुळे चार शब्द लवकर कळले. मला ओरडणं जमत नाही.

भाकरी छान करते. जरा पातळ करते एवढंच. तव्यावरून उचलली की तिच्यातून पलीकडे बसलेला आदेमार दिसतो. आमच्याकडे जाड खातात. शिकेल.

तुमच्या ह्यांना नमस्कार सांगा.

एर्सिलिया


उमारी, तिकिए नदी
९ एप्रिल १९८४

एर्सिलियाबाई,

पत्र पोचलं. उबाल्दोला जेवायला वाढलं होतं, पण पत्र वाचल्यावर दुसरी भाकरी वाढली नाही. त्याचा दोष नाही, पण समोर तोच होता.

कडेला लावलीत? बगळी? कडेला?

बगळी माझ्या आईनं पापुरी नदीवरून लग्न होऊन येताना आणली. तिला तिच्या आईनं दिली होती. आईच्या शेतात ती मधोमध असायची, माझ्या शेतातही मधोमधच आहे, बाकीच्या तिच्याभोवती. आमच्या नदीवर कडेची ओळ रानातल्या जनावरांच्या नावानं सोडतात. काहीतरी हलकंसलकं लावायचं, त्यांनी खाल्लं तर खाल्लं. पाहुण्याला आपण पायरीवर बसवून जेवायला वाढतो का? तिथं तुम्ही माझ्या आईची बगळी लावलीत आणि वर मला कौतुकानं कळवताय.

मुलगी बोलत नाही म्हणता. ती काय बोलणार? तिनं ओळ पाहिली ना. सुनेचं बेणं जिथं लावतात तिथंच सुनेलाही बसवतात, एवढं तिला कळतं.

आणि भाकरीला नावं ठेवू नका. बगळीची भाकरी पातळच करायची असते. जाड करायची ती आतला कच्चेपणा लपवायला. लग्नाच्या दिवशी आमच्याकडची आंबील किती भोपळे भरभरून प्यालात ते माझ्या लक्षात आहे, तुमच्या नसेल. ती बगळीचीच होती.

दोर्वालिना


कुन्यूरी
२ ऑगस्ट १९८४

दोर्वालिनाबाई,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मधे बोट वर गेली तेव्हा मी मुद्दाम लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण हे म्हणाले, "राग किती दिवस आंबवत ठेवणार आहेस? डोक्यात चढेल."

बेण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. माझ्या शेतात किती जातींचा कसावा आहे ते मी मोजत नाही, नजर लागते. आमच्या गावात सुनेचं बेणं वाटेच्या कडेलाच लावतात. माझं लावलं होतं, माझ्या सासूचंही लावलं होतं. का लावतात, ते मी पहिल्याच पत्रात लिहिलं असतं. पण मला वाटलं, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. आता तुम्ही इतकं बोलून घेतल्यावर मी काही समजावत बसणार नाही.

जनावरांनी एक पानही खाल्लेलं नाही. मी स्वतः रोज कडेनं फेरी मारते, आणि शेजारच्या बेनविंदाचं कुत्रं तिथं बांधून ठेवते. बेनविंदा म्हणते, कुत्रं तिचं असून आता माझ्याच हाकेला येतं.

लुसिंदा अजून बोलत नाही. शेतात जाते, कसावा सोलते, किसते, पिळणीत भरून पिळते, कडू पाणी आटवते. सगळं माझ्यापेक्षा नीट करते. मग काम झालं की ओट्यावर बसून नदीच्या वरच्या अंगाला बघत राहते. ते बघणं मला बघवत नाही. कडेला बसवलंय म्हणून ती गप्प आहे, असं तुम्ही रागात लिहिलंत. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. किसणीवर बसले की आठवतं. आमची रीत चांगलीच आहे, पण हे जर तिला कुणी सांगितलंच नसेल तर? सांगणार कोण, आणि कुठल्या बोलीत?

आणि आंबील सहा भोपळे प्याले. माझ्या पूर्ण लक्षात आहे. बरी होती.

एर्सिलिया


उमारी
१० डिसेंबर १९८४

प्रिय विहीणबाई,

खूप दिवसांत लिहिणं झालं नाही. तुमच्या सगळ्यांच्या तब्येती बऱ्या ना? ह्यांचा नमस्कार. सोबत सुक्या मिरच्या आणि अननस पाठवतेय. भाकऱ्या या वेळी नाहीत, तवा तडकलाय.

बगळी केवढी झाली? एव्हाना माझ्या डोक्यावर जायला हवी. खोडाचा रंग राखाडी पडला का? गाठी जवळजवळ आहेत ना? पहिली काढणी केव्हा करणार? काढल्यावर कांड्या सावलीत उभ्या करून ठेवता ना, आडव्या टाकत नाही ना? एकही वाळू देऊ नका. पान चुरगळून बघितलंत तर कोवळ्या काकडीसारखा वास येतो, तो येतो का तेही कळवा.

कडेला लावलंत ते बरंच केलंत म्हणायचं. प्रत्येक गावाची आपली रीत असते.

तुमच्याकडे भाकरी जाड आवडत असेल तर लुसिंदानं जाड करावी. मीच सांगितलंय म्हणून सांगा.

तुमची
दोर्वालिना


कुन्यूरी
२० जानेवारी १९८५

विहीणबाई,

मिरच्या पोचल्या. अननसातला एक उबाल्दोनं वाटेत खाल्ला, तुमच्याच नावानं खाल्ला म्हणतो.

तुमचं पत्र वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुम्ही भांडलात तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. भांडणारी विहीण म्हणजे धडधाकट विहीण. पण हे गोड पत्र कुणाचं? कडेला लावलंत ते बरं केलंत, भाकरी जाड करा, आणि मधे सगळी बेण्याची चौकशी. उबाल्दो म्हणाला, "'बगळीचं काय, बगळीचं काय' करत बाई मला बोटीचा दोर बांधू देईनात."

आपण दोघी जुन्या बायका आहोत. सुनेच्या माहेरून बेण्याची चौकशी केव्हा होते ते तुम्हालाही कळतं आणि मलाही. दिलेलं बेणं परत गेलं की सून परत गेली, मग ते कुणी मागो की कुणी पाठवो. माझ्या चुलतबहिणीची सून अशीच गेली. आधी 'कांड्या कशा आहेत' असं पत्र आलं, मागून तिचा भाऊ आला.

तेव्हा लुसिंदाला न्यायचंच असेल तर सरळ लिहा. मी अडवणार नाही. पण आधी पुढचं वाचा.

पाऊस कमी झाल्यावर शेतावरून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका आमच्या कडेला थांबायला लागल्या. त्यासाठीच तर लावतात कडेला. आता सांगते, तेव्हाच सांगायला हवं होतं. नव्या सुनेचं बेणं वाटेवर असलं की जी ती थांबते. "ही कुठली गं? भाकरीची की आंबिलीची? पिवळी निघते की पांढरी?" सुनेला उत्तर द्यावंच लागतं. आधी खुणेनं, मग एका शब्दानं, मग दोन शब्दांनी. घरात सासूसमोर तोंड उघडत नाही, पण आपल्या बेण्याबद्दल कुणी विचारलं तर कुठल्या बाईला गप्प बसवतं? मग काढणी झाली की जी जी थांबली तिला कांडी द्यायची, तिनं आपली एखादी द्यायची. असं करत करत सुनेला गाव आपलं होतं. मधोमध लावलं असतं तर आत येऊन कोण विचारणार होतं?

पहिली थांबली बेनविंदा, कुत्रं सोडवायला आली होती. तिनं विचारलं, "ही एवढी उंच का गं वाढते?" लुसिंदा म्हणाली, "आईसारखी." आमच्या बोलीतला तिचा पहिला शब्द तुमच्यावर खर्च झाला, माझ्यावर नाही. मला जरा लागलं, पण चालेल.

आता तिला बोलताना थांबवावं लागतं. परवा आदेमार मासे न घेता घरी आला, तर त्याला म्हणाली, "नदी होती ना जागेवर?" मी तोंडात पदर धरून हसले. हा सूर कुठं ऐकलाय असं वाटत राहिलं, मग आठवलं, तुमच्या पत्रात.

काढणी नाताळाआधी केली. बगळीचा कंद सरळ, पांढराशुभ्र निघाला. कांड्या लुसिंदानं आधी बेनविंदाला दिल्या, मग मार्कोलिनाला, मग पलीकडच्या काठच्या बायकासुद्धा होडी घालून येऊन घेऊन गेल्या. राहिलेल्या पुन्हा कडेलाच लावल्या आहेत. वासाचं म्हणाल तर येतो, काकडीसारखाच.

ती गेली तर हे घर परत मुकं होईल, विहीणबाई. आदेमारचं काय ते तो बघेल, मी माझं सांगतेय. मला ती हवी आहे. पातळ भाकरीची सवय झालीय.

एर्सिलिया


उमारी
३ मार्च १९८५

एर्सिलियाबाई,

लुसिंदाला कुणी परत नेत नाही. हे आधी वाचा, घोटभर पाणी प्या, मग पुढचं वाचा.

तवा तडकला नव्हता, मी खोटं लिहिलं. भाकऱ्या पाठवल्या नाहीत, कारण भाकरी करायला माझ्याकडे कसावा नाही.

कोरड्या दिवसांत ह्यांनी माझ्या शेताला लागून लावणीसाठी नवं रान जाळायला घेतलं. वारा फिरला. माझं उभं शेत आमच्या डोळ्यांदेखत गेलं. नुसती पानं गेली असती तर काही नव्हतं, खोडं गेली. कोळशाला कोंब फुटत नाही. हे राखेत बसून राहिले. मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

आम्ही उपाशी नाही. माझी जाऊ ओझेलिना पीठ देते. गावातल्या बायकांनी बेणं दिलं, ते लावलंय. कासवी, मुंगळी सगळ्यांकडे होती, ती परत आली. बगळी कुणाकडेच नाही. मी कधी कुणाला दिलीच नव्हती. ओझेलिनानं कितीदा मागितली, तर मी म्हणायचे, "ती मधली आहे गं, मधली मोडत नसते." आता ती त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पिठाची टोपली ओट्यावर ठेवते आणि जाते. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझी आई गेली तेव्हा मी फार रडले नव्हते. शेतात गेलं की ती होतीच. बगळी उपटायची, सोलायची, पहिली भाकरी तव्यावर टाकली की आईच्या घरातला तोच वास. आता शेतात जाते आणि तिथं कुणी नसतं. बाकीच्या जाती आहेत, चांगल्या आहेत, पण माझ्या कुणी लागत नाहीत.

म्हणून तुम्हाला विचारत होते. केवढी झाली, रंग कसा आहे, वास येतो का. मला नुसतं ऐकायचं होतं. मी मागत नाही, हे नीट लक्षात घ्या. मागितली तर पोरीलाच मागितल्यासारखं होईल. तुम्ही आपणहून पाठवलीत तर तुम्ही पोरीला टाकलंत असं होईल. तिच्या हातून पाठवलीत तर धक्क्यावरच लोक म्हणतील, बेण्यासकट परत आली. तेव्हा पाठवू नका. बगळी तिथं उभी आहे आणि तिच्या शेजारी माझी मुलगी उभी राहून लोकांशी बोलते, एवढं मला पुरे. पुरे नाही, पण पुरवून घेईन.

'आईसारखी' म्हणाली, ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उबाल्दोला पोट फुटेस्तोवर वाढलं. जावेच्या पिठाचं का होईना.

कडेच्या ओळीवरून जे बोलले ते मागे घेते. शेताचं लुसिंदाला सांगू नका. ती हट्टी आहे, मोळी बांधून निघेल.

दोर्वालिना


कुन्यूरी
८ एप्रिल १९८५

विहीणबाई,

लुसिंदाला सांगितलं. सांगू नका म्हणालात, पण पत्र वाचताना तिनं माझा चेहरा बघितला, मग लपवून काय होणार होतं? आधी रडली. मग उठली आणि तुम्ही म्हणालात तशीच कोयता घेऊन कडेच्या ओळीकडे निघाली. मी दारात आडवी बसले.

म्हटलं, "बाई गं, बेणं घेऊन वर गेलीस तर परत यायची वाट बंद होते."

ती म्हणाली, "मग माझ्या आईनं काय कोळसा खायचा?"

"कोळसा कशाला? जाऊ आहे, गाव आहे."

"तुम्हाला नाही कळायचं. तुमचं शेत शाबूत आहे."

खूप वेळ भांडलो. माझ्या बोलीत. मला उलटून काय काय बोलली, आणि एकही शब्द अडला नाही हो. मधेच मला इतका आनंद झाला की मी माझा मुद्दाच विसरले. शेवटी दोघी दमलो आणि भाकरी खायला बसलो. खाता खाता तीच काहीतरी म्हणाली. काय, ते लिहीत नाही.

तुम्हाला एवढंच लिहून देते, हवं तर गावात वाचून दाखवा. माझ्या शेतातून तुम्हाला बगळीची एकही कांडी येणार नाही. आज नाही, पुढेही नाही. सून माझी आहे आणि तिचं बेणं माझ्या कडेला आहे, तिथंच राहील.

तुम्ही एक करा. पुढच्या कोरड्या दिवसांत थोडं नवं रान जाळा, वाऱ्याकडे बघून. त्यात जे लावायचं ते लावा, पण वाटेकडची कडेची ओळ मोकळी ठेवा. माती भुसभुशीत करून ठेवा, तण येऊ देऊ नका. का, ते विचारू नका. कसावा वाढायला लागतो तेवढा वेळ लागणारच, त्याला माझा इलाज नाही.

आणि नातवंडाचं उबाल्दोकडून आडून आडून विचारत जाऊ नका. असेल तेव्हा सांगू.

एर्सिलिया


उमारी
२१ ऑक्टोबर १९८५

विहीणबाई,

रान जाळलं. या वेळी वारा मी बघितला, हे मुकाट्यानं बाजूला उभे होते.

कडेची ओळ मोकळी आहे. लोक हसतात. ओझेलिना हसत नाही, पण बघते. तुम्ही विचारू नका म्हणालात म्हणून विचारत नाही. रोज तण काढते आणि स्वतःलाच विचारते.

दोर्वालिना


कुन्यूरी
१५ नोव्हेंबर १९८५

विहीणबाई,

बोट येतेय. उबाल्दोला या खेपेला पोटभर वाढा. माझ्याकडून तुम्हाला काहीही पाठवलेलं नाही, हे ध्यानात असू द्या.

एर्सिलिया


उमारी
८ डिसेंबर १९८५

विहीणबाई,

उबाल्दो परवा आला. मी धक्क्यावरच उभी होते. तो लांबूनच म्हणाला, "बाई, आधी कबूल करा, दुसरी भाकरी मिळेल ना? फार ओझं वाहून आणलंय."

म्हटलं, "मिठाची पोती आणलीस का?"

"नाही, बायका आणल्यात," म्हणाला, आणि त्यानं ताडपत्री उचलली.

कांड्यांच्या मोळ्या होत्या. काही केळीच्या पानांत गुंडाळलेल्या, काही वेलीनं आवळलेल्या, एक तर कुणाच्यातरी जुन्या झग्याच्या बाहीत भरलेली. सगळ्या वेगवेगळ्या हातांनी बांधलेल्या, गाठीवरूनच कळत होतं. तो एकेक माझ्या हातात देत गेला. "ही बेनविंदाबाईंकडून. त्यांच्या कुत्र्याचा मुकाही पाठवलाय, तो काही मी देणार नाही. ही मार्कोलिनाबाईंकडून. ही पलीकडच्या काठच्या म्हातारीकडून, नाव नाही सांगितलं, नुसतं म्हणाली, त्या पोरीच्या आईला दे."

मी विचारलं, "आणि एर्सिलियाबाईंकडून?"

"त्यांच्याकडून काही नाही. तीनतीनदा बजावलंय, काही नाही म्हणून सांग."

राखाडी खोड, जवळजवळ गाठी. मी नखानं साल खरवडली, खाली पांढरी. मी तिथंच धक्क्याच्या दगडावर बसले आणि रडले. सगळं गाव बघत होतं, बघू दे म्हटलं. हे धावत आले, त्यांना वाटलं वाईट बातमी आहे. मी मोळी त्यांच्या हातात दिली. वर्ष होऊन गेलं आगीला, त्या दिवसापासून ते माझ्याकडे सरळ बघत नव्हते. परवा बघितलं.

उबाल्दोला जेवताना बोलतं केलं. तो म्हणाला, "लुसिंदानं कुणाकडे काही मागितलं नाही. वाटेवर उभी राहून जी थांबेल तिला आईच्या शेताची हकिगत सांगायची, एवढंच. बाकी त्या बायकांनी आपापसांत ठरवलं. बेनविंदाच्या शेतात वाढलेली कांडी बेनविंदाची, ती तिनं हवी त्याला द्यावी. त्यात परत पाठवल्यासारखं काय आहे?" म्हणजे भाकरी खाता खाता पोरगी जे बोलली आणि तुम्ही लिहिलं नाहीत, ते हे होतं. आणि त्यासाठी तुम्ही दोघी अख्खं पीक वाढेपर्यंत तोंड मिटून बसलात. तुम्हाला तोंड मिटता येतं हे मला नवीन आहे.

ज्या बायका मला ओळखत नाहीत, ज्यांची बोली मला समजत नाही, त्यांनी माझ्या आईला माझ्या घरी आणून सोडलं. त्यांना काय सांगायचं ते शाळेच्या भाषेत मला लिहिता येत नाही. तुम्ही तुमच्या बोलीत सांगा. लुसिंदाला विचारा, तिला शब्द माहीत असेल.

उबाल्दोला आणखी एक विचारलं, "तिकडे बगळीला काय म्हणतात?" तो म्हणाला, "बगळी कोण? ती तर 'लुसिंदाची'. जिनं दिली तिचं नाव लागतं आमच्याकडे." पोरीला कडेला बसवलंत म्हणून मी तुमच्याशी भांडत होते, आणि तुमच्या नदीवर लोक तिच्या नावाची भाकरी खातायत.

काल लावली. कडेच्या ओळीला, वाटेला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटच्या कांडीवर माती ओढत होते, तेवढ्यात ओझेलिना टोपली घेऊन वाटेनं आली. एरवी टोपली ठेवते आणि जाते. काल थांबली. ओळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुठली आहे ते तिला न सांगता कळलं होतं, तरी तिनं विचारलं, "ही कुठली गं?"

मी म्हटलं, "लुसिंदाची. वाढली की पहिली कांडी तुझी."

ती म्हणाली, "मधली मोडत नसते ना पण?"

म्हटलं, "मधली नाही गं. कडेची आहे."

दोर्वालिना